जकात, टपाल, मार्शल, किल्ला : यादवीपूर्व अमेरिकेतला अध्यक्ष आणि घटकराज्ये

२४ डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाच्या अधिवेशनाने संघराज्यातून बाहेर पडण्याची कारणे सांगणारे निवेदन मंजूर केले. चारच दिवसांपूर्वी, १६९ विरुद्ध शून्य मतांनी, ते राज्य फुटून निघाले होते. अमेरिकन यादवी घटकराज्यांच्या हक्कांसाठी झाली असे ज्याने ऐकलेले असते, तो हे निवेदन वाचताना अडखळतो. वॉशिंग्टनने राज्यांवर कुरघोडी केली, ही त्यातली मुख्य तक्रार नाहीच. उत्तरेकडच्या राज्यांनी आपापल्या विधिमंडळांत कायदे करून फरारी गुलाम परत द्यायला नकार दिला, ही आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी तर गुलामाला घेऊन त्या राज्यातून नुसते जाण्याचा मालकाचा हक्कही मानला नाही, हेही गाऱ्हाणे त्यात आहे. थोडक्यात, दुसऱ्या राज्यांनी स्वतःचे हक्क वापरले आणि संघसरकारने त्यांना आवरले नाही, म्हणून एक राज्य बाहेर पडत होते.

या विसंगतीचा उलगडा कसा करायचा, यावर दीडशे वर्षे लिहिले जात आहे. या लेखात त्या वादाचा आढावा घेतला आहे, पण नेहमीच्या वाटेने नाही. घटनेच्या कलमांपेक्षा जिथे संघसरकार राज्यात प्रत्यक्ष दिसत असे, त्या जागांपासून सुरुवात केलेली बरी. त्या काळातल्या सामान्य अमेरिकन माणसाला आपले राष्ट्रीय सरकार भेटायचे ते बहुतेक चारच ठिकाणी: बंदरातली जकात कचेरी, गावातले टपाल कार्यालय, संघन्यायालयाचा मार्शल आणि एखादा किल्ला. या चारही ठिकाणची माणसे थेट किंवा आपल्या खात्यांमार्फत अध्यक्ष नेमत असे. त्यामुळे राज्याचा हक्क कुठे संपतो हा प्रश्न कागदावर न्यायाधीशांचा असला, तरी व्यवहारात तो अध्यक्षाच्या दारात येऊन पडे.

करार की राष्ट्र

वादाची मुळे घटनेच्या मौनात आहेत. घटनेच्या आधीच्या, १७८१च्या संघकरारात हा संघ ‘चिरस्थायी’ असल्याचे स्पष्ट म्हटले होते. १७८७च्या घटनेतून तो शब्द गळला. संघाचे कायदे सर्वोच्च आहेत असे सहावे कलम सांगते. न दिलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे राहतील असे १७९१ची दहावी दुरुस्ती सांगते. आणि कायद्यांची नीट अंमलबजावणी होईल हे अध्यक्षाने पाहावे असे दुसरे कलम सांगते. पण कोणता कायदा घटनाबाह्य आहे हे ठरवणारा शेवटचा माणूस कोण, हे कुठेच लिहिलेले नाही. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कने घटना मान्य करतानाच, दिलेले अधिकार जनता परत घेऊ शकते अशी नोंद करून ठेवली होती. तिचा अर्थ राज्याची जनता की सगळ्या देशाची, यावरही पुढे भांडण झाले.

परकीय नागरिकांवर आणि सरकारवरील टीकेवर निर्बंध घालणारे कायदे १७९८ मध्ये झाले, तेव्हा जेफरसनने केंटकीसाठी आणि मॅडिसनने व्हर्जिनियासाठी, दोघांनीही नाव न देता, निषेधाचे ठराव लिहिले. घटना हा राज्या-राज्यांमधला करार आहे आणि करार मोडला की नाही हे करार करणारेच ठरवतील, असा त्यांचा सूर होता. १८१४-१५च्या हिवाळ्यात हार्टफर्डला जमलेल्या न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांनी, म्हणजे जेफरसनच्या कट्टर विरोधकांनी, जेफरसनच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध तसलाच युक्तिवाद केला. तो अध्यक्ष होता मॅडिसन! तेव्हापासूनच दिसते की हे हत्यार सत्तेबाहेर असलेल्याच्या हाताला चांगले बसते. सत्ता मिळाली की ते खुंटीला टांगले जाते.

जकात

१८२८चा आयात कर दक्षिणेला जाचक वाटला. उपाध्यक्ष असलेल्या जॉन कॅल्हूनने निनावी लिहिलेल्या निबंधात राज्याला संघाचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवता येतो असा सिद्धान्त मांडला. इतिहासात तो ‘नलिफिकेशन’ म्हणून ओळखला जातो. २४ नोव्हेंबर १८३२ रोजी साउथ कॅरोलायनाने तो वापरला आणि १ फेब्रुवारी १८३३पासून आपल्या बंदरांत हा कर वसूल होणार नाही असे जाहीर केले. व्यवस्था चतुर होती. व्यापारी त्या काळी जकात उधारीच्या रोख्यावर भरत. रोख्याचे पैसे बुडवायचे, प्रकरण राज्याच्या न्यायालयात न्यायचे, आणि तिथल्या ज्युरींनी आधीच रद्दबातलीच्या ठरावाशी निष्ठेची शपथ घेतलेली असायची. बंदुकीची एकही गोळी न उडता कायदा निकालात निघणार होता.

अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात हा दावा धुडकावला. पण त्याची खरी करामत जाहीरनाम्याच्या भाषेत नव्हती. मार्च १८३३च्या ‘फोर्स बिला’ने अध्यक्षाला जकात कचेरी उचलून सुरक्षित जागी, गरज पडल्यास जहाजावरसुद्धा, हलवण्याची मुभा दिली आणि जकात रोख घेण्याची तरतूद केली. रोखा नाही तर खटला नाही, आणि खटला नाही तर ज्युरीही नाही. त्याच दिवशी कर टप्प्याटप्प्याने कमी करणारा तडजोडीचा कायदाही झाला. साउथ कॅरोलायनाने ठराव मागे घेतला आणि तोंड राखण्यासाठी फोर्स बिलच रद्दबातल ठरवले. दोन्ही बाजू जिंकल्याचे सांगत घरी गेल्या. म्हणूनच हा प्रसंग अध्यक्षाच्या ठामपणाचा की काँग्रेसच्या तडजोडीचा, यावर आजही एकमत नाही.

जॅक्सनला राष्ट्रवादी ठरवण्याआधी त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग पाहावा लागतो. मार्च १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर विरुद्ध जॉर्जिया खटल्यात चेरोकी या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत असा निकाल दिला. जॉर्जियाने तो सरळ डावलला. वूस्टर हा मिशनरी तुरुंगातच राहिला आणि जॅक्सनने बोटही हलवले नाही. जानेवारी १८३३ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नराने त्याला सोडले, तेही जॉर्जियाने साउथ कॅरोलायनाच्या बाजूला जाऊ नये म्हणून पडद्यामागे झालेल्या खटपटीनंतर. एक राज्य कर अडवते म्हणून लष्कराची भाषा, आणि दुसरे राज्य सर्वोच्च न्यायालयाला धाब्यावर बसवते त्याकडे काणाडोळा! चेरोकींना याची किंमत १८३८च्या हकालपट्टीत मोजावी लागली. राज्याचा कोणता हक्क मोडायचा आणि कोणता चालू द्यायचा, हे अध्यक्ष निवडून ठरवत होता.

टपाल

टपालाची गोष्ट छोटी आहे, पण बोलकी. जुलै १८३५ मध्ये न्यूयॉर्कहून गुलामगिरीविरोधी पत्रके टपालाने साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला आली. जमावाने रात्री टपाल कार्यालय फोडून ती जाळली. पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडॉलने अशी पत्रके न वाटणाऱ्या स्थानिक पोस्टमास्टरांना अभय दिले. जॅक्सनने तर ती दक्षिणेत पाठवण्यावर बंदी घालणारा संघाचा कायदाच करावा असे काँग्रेसला सुचवले. याला विरोध केला कॅल्हूनने! कोणता मजकूर घातक हे वॉशिंग्टनने ठरवायचे म्हटले, तर उद्या कोणता घातक नाही हेही वॉशिंग्टनच ठरवेल, अशी त्याची भीती होती. ते राज्याने ठरवावे आणि संघाच्या टपालाने पाळावे, असे त्याचे म्हणणे. १८३६च्या कायद्याने पोस्टमास्टरांना टपाल अडवण्याची मनाई केली, पण दक्षिणेत पत्रके अडतच राहिली. पुढच्या पाव शतकात पोस्टमास्टर कोण नेमतो या प्रश्नाला जे वजन आले, त्याचे बीज इथे आहे.

मार्शल

१८५०च्या फरारी गुलाम कायद्याने पारडे फिरले. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे सुनावणी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडला तर पाच डॉलर शुल्क. कागदपत्रांचे काम जास्त, असे त्याचे समर्थन केले जाई. उत्तरेत कुणाला ते पटले नाही. मार्शलला हाताशी सापडेल त्या नागरिकाला मदतीला जुंपता येई. त्या काळापर्यंत संघसरकारने राज्याच्या आत इतका खोल हात क्वचितच घातला असेल, आणि तो दक्षिणेच्या आग्रहाने घातला गेला.

मे १८५४ मध्ये अँथनी बर्न्स बॉस्टनमध्ये पकडला गेला. त्याला सोडवायला न्यायालयावर चालून गेलेला जमाव हटवावा लागला, तेव्हा अध्यक्ष पिअर्सने कायदा राबवण्यासाठी हवी ती मदत दिली. २ जून रोजी नौसैनिक, तोफखाना आणि राज्याची मिलिशिया यांच्या कड्यातून एका माणसाला धक्क्यावरच्या जहाजापर्यंत चालवत नेण्यात आले. रस्त्यालगतच्या इमारतींवर काळे कापड होते. पुढच्याच वर्षी मॅसेच्युसेट्सने आपल्या अधिकाऱ्यांना अशा कामात सहभागी व्हायला मनाई करणारा कायदा केला. विस्कॉन्सिन त्याहून पुढे गेले. जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला मिलवॉकीच्या तुरुंगातून सोडवणाऱ्या शर्मन बूथच्या बाजूने त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फरारी गुलाम कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये सरन्यायाधीश टॉनी यांनी एकमताच्या निकालाने तो फिरवला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने केंटकीच्या जुन्या ठरावांची भाषा उचलून निषेध केला. एका पिढीपूर्वी जे चार्ल्सटनमध्ये म्हटले जात होते, ते आता मॅडिसन शहरात म्हटले जात होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. विस्कॉन्सिन आणि साउथ कॅरोलायना यांना एका तागडीत घालणे म्हणजे माणसाला मोकळे करणे आणि माणसाला बांधून ठेवणे यांतला फरक पुसणे. तो पुसायचा नाही. दोघांचे हेतू दोन टोकांचे होते आणि विस्कॉन्सिनने संघ सोडण्याची पायरी गाठली नाही. पण युक्तिवादाचा साचा एकच होता. तो साचा स्वतःहून गुलामगिरीच्या बाजूचाही नव्हता आणि विरोधातलाही नव्हता, एवढेच इथे म्हणायचे आहे.

या दशकात दक्षिणेला राज्याच्या हक्कांची ढाल फारशी लागली नाही, कारण तलवार तिच्या मर्जीने चालत होती. १७८९ ते १८६१ या ७२ वर्षांपैकी सुमारे ४९ वर्षे अध्यक्षपदावर दक्षिणेतला गुलाममालक होता. पिअर्स आणि त्याच्यानंतरचा अध्यक्ष ब्युकॅनन उत्तरेचे, पण त्यांचा कल दक्षिणेकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च १८५७च्या, गुलाममालकांच्या बाजूने गेलेल्या ड्रेड स्कॉट निकालाआधी ब्युकॅननने एका न्यायमूर्तीला पत्र लिहून बहुमताच्या बाजूने वळवण्याचा प्रयत्न केला, हे आता कागदोपत्री सिद्ध आहे. कॅन्ससमधील गुलामगिरीवाद्यांची लेकॉम्प्टन राज्यघटना तिथल्या बहुसंख्यांना नको असूनही त्याने काँग्रेसमध्ये रेटली. १८६०च्या चार्ल्सटन अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्ष फुटला, तोही दक्षिणेने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला संघाच्या कायद्याचे संरक्षण मागितल्यामुळे. राज्यांच्या हक्कांचा पक्ष अधिक बलवान केंद्र मागत होता.

किल्ला

६ नोव्हेंबर १८६० रोजी लिंकन सुमारे चाळीस टक्के मतांवर निवडून आला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याला जनतेचे एकही मत नव्हते. असलेल्या राज्यांतल्या गुलामगिरीला हात लावणार नाही असे तो वारंवार सांगत होता, मग इतकी धास्ती का? यातला एक धागा नेमणुकांचा. आता दक्षिणेतले पोस्टमास्टर, जकात अधिकारी आणि मार्शल रिपब्लिकन अध्यक्ष नेमणार. पत्रके वाटली जाणार, आणि गुलाम नसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांत त्या पक्षाला हस्तक मिळणार. साउथ कॅरोलायनात दर शंभरातले सत्तावन्न लोक गुलाम होते; तिथे ही धास्ती कल्पनेतली राहत नाही.

निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी चार्ल्सटनचे संघन्यायाधीश मॅग्रॅथ यांनी न्यायासनावरून राजीनामा दिला. या घटनेला पुढे अनपेक्षित कायदेशीर वजन आले. २० नोव्हेंबरच्या मतात महान्यायवादी जेरेमायाह ब्लॅक यांनी सांगितले की अध्यक्षाला जकात गोळा करता येईल, संघाची मालमत्ता राखता येईल, पण लष्कर वापरायचे ते न्यायालय आणि मार्शल यांच्या मदतीला. तिथे न्यायाधीशही नाही, मार्शलही नाही, तर मदत करायची कुणाला? जॅक्सनला जकात कचेरी हलवू देणारी फोर्स बिलाची तरतूद मुदतीची होती आणि केव्हाच संपली होती. ३ डिसेंबरच्या संदेशात ब्युकॅननने म्हटले की राज्याला फुटण्याचा हक्क नाही, आणि फुटलेल्या राज्यावर जबरदस्ती करण्याचा अधिकार संघाला नाही. त्याची तेव्हाही थट्टा झाली, आजही होते.

ब्युकॅननच्या बाजूने एवढे म्हणता येते की तो हातावर हात धरून बसला नव्हता. मेजर अँडरसनने २६ डिसेंबरला चार्ल्सटन बंदरातले सैनिक फोर्ट मोल्ट्रीतून फोर्ट समटरमध्ये हलवले, तेव्हा ब्युकॅननने ते मागे घेतले नाहीत. ‘स्टार ऑफ द वेस्ट’ हे जहाज रसद घेऊन पाठवले. ९ जानेवारीला त्यावर गोळीबार होऊन ते परतले. पण लेकॉम्प्टनसाठी जोर लावणाऱ्या माणसाला आता एकाएकी अधिकारांची मर्यादा आठवावी, हे खटकतेच. लिंकनचे ४ मार्चचे भाषण या चार जागांच्या दृष्टीने वाचले तर वेगळे दिसते. किल्ले व मालमत्ता राखू, जकात गोळा करू, नाकारले नाही तर टपाल पोचवू, आणि जिथे वैर पेटले आहे तिथे परक्या माणसांची नेमणूक लादणार नाही. टपालाचे वचन शब्दशः पाळले गेले. १२ एप्रिलला समटरवर तोफा सुरू झाल्या, तरी फुटलेल्या राज्यांतली संघाची टपालसेवा मे अखेरपर्यंत चालू होती.

अभ्यासकांच्या भूमिका

युद्धानंतर पराभूत पक्षानेच पहिली मोठी मांडणी केली. फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचा ग्रंथ १८६८पासून आणि त्या संघाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा १८८१ मध्ये आला. दोघांनीही युद्ध घटनेच्या अर्थावरून झाले, गुलामगिरी निमित्तमात्र होती, असे म्हटले. याच स्टीफन्सने मार्च १८६१च्या सव्हानामधील भाषणात गुलामगिरी व वंशश्रेष्ठता ही नव्या राष्ट्राची कोनशिला असल्याचे सांगितले होते. बाहेरच्या जगात फारसा संभ्रम नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. घटनेच्या अन्वयार्थाबद्दल नव्हे.

थोरल्या आर्थर श्लेसिंजरने १९२२ मध्ये दाखवले की राज्यांचे हक्क हा सत्ता हातून गेलेल्याने शोधलेला आडोसा असतो. प्रत्येक प्रांताने आणि पक्षाने तो केव्हा ना केव्हा घेतला. आर्थर बेस्टरने १९६४ मध्ये त्यावर महत्त्वाची भर घातली: आडोसा म्हटला तरी घटनेच्या चौकटीने संघर्षाला आकार दिला. गुलामगिरीवरचा वाद राज्यांत लढता येत नव्हता, म्हणून तो नवे प्रदेश आणि फरारी गुलाम या दोन चिंचोळ्या वाटांत कोंडला गेला आणि तिथेच फुटला. मला ही मांडणी सर्वांत समाधानकारक वाटते. फक्त तीत अध्यक्षाच्या नेमणुकांना मिळायला हवी तेवढी जागा नाही. विल्यम फ्रीलिंगने १९६६ मध्ये जकातीच्या वादामागेही गुलामगिरीचीच भीती होती असे दाखवले, आणि कॅल्हूनने १८३०च्या खाजगी पत्रात तसे जवळपास कबूलच केले आहे. रिचर्ड एलिसने १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली: जॅक्सनही राज्यांच्या हक्कांचाच माणूस होता, भांडण त्या परंपरेच्या दोन शाखांतले होते. चार्ल्स ड्यूने २००१ मध्ये फुटलेल्या राज्यांनी इतर दक्षिणी राज्यांकडे पाठवलेल्या दूतांची भाषणे समोर ठेवली. त्यांत वंशाची भीती पानोपानी आहे, जकात क्वचित. आयात कराचा मुद्दा मांडणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे. १८५७चा कर कित्येक वर्षांतला सर्वांत कमी होता, आणि तो वाढवणारा मॉरिल कर सेनेटमधून पार पडला तो दक्षिणेचे सदस्य निघून गेल्यावर.

मग राज्यांचे हक्क हे निव्वळ ढोंग होते का? तसे म्हणणे सोपे पडते, पण पुरत नाही. फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघाच्या घटनेने राज्यांच्या सार्वभौमत्वाचा उल्लेख केला, पण गुलामांवरील मालकी बाधित करणारा कायदा संघाला मना केला आणि कुठल्याही राज्यात गुलामांसह जाण्याचा हक्क दिला. इथे ढोंग उघडे पडते. पण युद्ध चालू असताना जॉर्जियाच्या गव्हर्नर ब्राउनने सक्तीच्या सैन्यभरतीवरून डेव्हिसशी घातलेला वाद पाहिला, तर काही माणसे हा सिद्धान्त स्वतःच्या गैरसोयीतही मानत होती हे दिसते.

न सुटलेले

फुटण्याचा हक्क घटनेत होता का? टेक्सास विरुद्ध व्हाइट खटल्यात १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नव्हता असे ठरवले, पण तेव्हा प्रश्न रणांगणात आधीच निकाली निघाला होता. केनेथ स्टॅम्पने १९७८ मध्ये दाखवले की संघ चिरस्थायी असल्याचा पूर्ण बांधलेला युक्तिवाद घटनेनंतर बऱ्याच उशिरा, नलिफिकेशनच्या वादात तयार झाला. त्याआधी दोन्ही अर्थ लावायला जागा होती. इतर अनेक घटनातज्ज्ञांना हे मान्य नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना याच मौनाकडे बोट दाखवले. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी लढावी लागली. भारताच्या मसुद्याने ते तर्कावर न सोडता आधीच स्पष्ट केले, असे त्यांचे म्हणणे होते.

१८६०च्या हिवाळ्यात जॅक्सनसारखा अध्यक्ष असता तर युद्ध टळले असते का, हाही प्रश्न वारंवार विचारला जातो. १८३३ मध्ये साउथ कॅरोलायना एकटे पडले होते आणि त्याला कराची सवलत देता येत होती. १८६१च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सात राज्ये फुटली होती आणि देण्याजोगी सवलत उरली नव्हती. मार्चमध्ये काँग्रेसने राज्यांतल्या गुलामगिरीला कायमचे अभय देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, तरी एकही राज्य परतले नाही. ठामपणाने काय साधले असते, याचे उत्तर या फरकापुढे अडते.

आणि राहतो तो लिंकनचाच प्रश्न. १५ एप्रिलला ७५,००० मिलिशिया बोलावण्याला १७९५च्या कायद्याचा आधार होता. पण नाकेबंदी, नियमित सैन्यात वाढ आणि २७ एप्रिलला हेबिअस कॉर्पसची (अटकेला न्यायालयात आव्हान देण्याच्या हक्काची) स्थगिती, हे सारे ४ जुलैला काँग्रेस भरण्याआधी झाले. नाकेबंदी १८६३ मध्ये न्यायालयात टिकली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी. मेरीलँडच्या जॉन मेरीमनला लष्कराने पकडले, तेव्हा टॉनी यांनी ही स्थगिती फक्त काँग्रेसला देता येते असे मत लिहून ते लिंकनकडे पाठवले, आणि लिंकनने ते पाळले नाही. काँग्रेसने १८६३च्या मार्चमध्ये तसा अधिकार देणारा कायदा केला. मेरीमनवरचा राजद्रोहाचा खटला कधी चाललाच नाही, आणि अध्यक्षाला एकट्याच्या अधिकारात हेबिअस कॉर्पस थांबवता येते का, याचा थेट निकाल सर्वोच्च न्यायालयाने आजवर दिलेला नाही.